नावेच्या पोटातलं डिझेल इंजिन उतरवून बांधायचं असेल तर

गेल्या दोन-तीन महिन्यात चार जणांनी मला एकच विचारलं, नावेतलं इंजिन आपलं आपण काढून बांधता येतंय का, का मिस्त्रीलाच बोलवायचं. येतंय की. शेतावरच्या पंपाचं इंजिन ज्यानं एकदा उघडलंय त्याला हे पण जमतंय, कारण इंजिन तेच असतंय. फरक एवढाच, पंपाचं इंजिन सिमेंटच्या कट्ट्यावर बसलेलं असतंय आणि हे पाण्यावर हलणाऱ्या पत्र्यावर, आणि सगळा घोळ तिथंच होतोय. माणसं पिस्टन-लायनरला हजारो रुपये घालतात आणि इंजिनाच्या पायाखाली उंची जुळवायला ज्या पत्र्याच्या पत्त्या असतात, त्या कुठल्या पायाखालच्या कुठल्या हे विसरतात.

मीच विसरलो होतो. कृष्णेवर, यडूरच्या अलीकडं मामांची नाव आहे, पत्र्याची, मधे एक सिलिंडरचं पाण्यावर थंड होणारं इंजिन, त्याला गिअर, गिअरला शाफ्ट, शाफ्ट ग्लँडातून (पाणी आत येऊ नये म्हणून दोरी भरलेलं भोक) बाहेर आणि टोकाला पंखा. पहिल्यांदा इंजिन काढलं तेव्हा एका दिवसात काढलं, लई भारी वाटलं, आणि चारी पायांखालच्या पत्त्या गोळा करून तंबाखूच्या एका रिकाम्या डब्यात टाकल्या. इंजिन बांधलं झकास. बसवताना डबा उघडला तर अकरा पत्त्या, सगळ्या सारख्याच तेलकट, जाडी मात्र वेगवेगळी. अंदाजानं घातल्या. चौथ्या दिवशी भर पात्रात गिअर आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट तुटले, शाफ्टनं असा हिसका दिला की ग्लँड सुटला, आणि नावेत वैरणीचे भारे, दोन बकऱ्या, तीन बाया आणि घोट्यापर्यंत पाणी. मामा वल्हं मारत होते, मी घमेल्यानं पाणी उपसत होतो आणि त्यातली एक म्हातारी मला विचारते, तुम्हीच नीट केलाय का ओ इंजिन.

तर तेव्हापासून जे शिकलो ते खाली लिहितोय.

कधी काढायचं

चिंचलीच्या मायाक्काची यात्रा माघात होते, ती झाली की नदी उतरत जाते, तिथून मे अखेरपर्यंत आपला हंगाम. पाऊस लागल्यावर कल्लोळ-यडूरचा बंधारा पाण्याखाली जातो आणि मग नाव हवी असते तेव्हा तुमचं इंजिन घरच्या सोप्यात सुटं पडलेलं असतंय, असं करू नका. नाव शक्यतो ट्रॅक्टरनं ओढून काठावर ओंडक्यांवर घ्या. पाण्यात ठेवून पण इंजिन काढता येतं पण नवख्यानं नको, कारण वजन उचललं की नाव वर येते आणि एका अंगाला कलते, आणि साखळीला लोंबणारं इंजिन त्याच वेळी झोका घेतं. बोट चेपायला तेवढं पुरे.

त्याआधी एक, काढायची गरज आहे का ते बघा. काळा धूर येतोय म्हणून लगेच इंजिन उघडायला धावू नका, डिझेलचा फवारा मारणारं नोझल काढून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं चेक करून आणा. आमच्या इंजिनाला नोझल 200 बार दाबाला उघडायला पाहिजे, फवारा धुक्यासारखा, थेंब थेंब गळत असेल तर धुराचं कारण तेच. (फवाऱ्यासमोर हात धरू नका, एवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं, हे खोटं वाटत असेल तर कुठल्याही पंपवाल्याला विचारा.) ऑइल ताकासारखं पांढरट झालंय म्हणजे पाणी आत येतंय, मग हेडचं गॅस्केट नाहीतर लायनरचे रबर. हँडल मारताना कॉम्प्रेशनचा दणका हाताला लागत नाही आणि ऑइल टाकायच्या तोंडातून फकफक धूर येतोय, मग मात्र रिंगा-लायनर गेले, काढा.

काढताना

पहिलं काम मोबाईल. प्रत्येक पाइप, प्रत्येक वायर, सोडायच्या आधी दोन बाजूनं फोटो. बॅटरी असेल तर मायनस आधी सोडा. डिझेलचा कॉक बंद. इंजिनाला नदीचं पाणी घेणारा जो व्हॉल्व नावेच्या तळाला असतो तो बंद, आणि नाव पाण्यात असेल तर हा बंद झालाय याची खात्री झाल्याशिवाय होसपाइपला हात लावायचा नाही, तिथून सरळ कृष्णा आत येते. मग ब्लॉकमधलं पाणी सोडा, ऑइल डब्यात काढा. ऑइल नदीत सोडायचं नाही बरं का, खालच्या गावांच्या पाण्याच्या योजना याच नदीवर आहेत आणि नावेच्या तळाला साठलेलं तेलकट पाणी पण कापडानं टिपून डब्यातच भरा.

आता कपलिंग. सोडायच्या आधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे कपलिंगच्या दोन चकत्यांवर, समोरासमोर सेंटर पंचनं एक एक ठिपका मारा, परत जोडताना ठिपक्याला ठिपका आला पाहिजे. बोल्ट काढून शाफ्ट दोन बोटं मागं सरकवा, पण मागं पंखा सुकाणूला लागत नाही ना ते कुणालातरी बघायला सांगा. आणि शाफ्टवर ग्लँडच्या पुढं एक क्लँप आवळून ठेवा, नाहीतर तो घसरत घसरत पूर्ण बाहेर जातो आणि मग ग्लँडाचं भोक मोकळं.

मग पत्त्या. पायाचे चार बोल्ट काढले की इंजिन पहारीनं केसभर उचला, एका पायाखालच्या सगळ्या पत्त्या ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं तारेत ओवा आणि तारेला पत्र्याचा बिल्ला बांधून त्यावर खिळ्यानं खुणा कोरा. पुढचा डावा एक रेघ, पुढचा उजवा दोन, मागचा डावा तीन, मागचा उजवा चार. कागदाची चिठ्ठी नको, डिझेलनं ती दुसऱ्या दिवशी कोरी होते. चारी जुडगे घरात देवळीत ठेवा, डब्यात नको. मी आता डबा बघितला तरी बिचकतो.

उचलायला तीन पाइपांची तिपाय आणि एक टनी चेन पुली पुरते. तिपायीचे पाय नावेत ठेवायचे नाहीत, पत्रा दबतो, नाव काठावर असली की पाय दोन्ही बाजूनं जमिनीवर रोवता येतात, त्यासाठीच ती वर ओढायची. साखळी इंजिनाच्या उचलायच्या हुकाला लावा, हूक नसेल तर पट्टा ब्लॉकच्या खालून घ्या, रॉकर कव्हरला किंवा नोझलच्या पाइपला कशालाच भार येऊ देऊ नका. काही जण जेसीबी बोलवतात. बोलवा, पण जेसीबीवाल्याचा एक हिसका आणि तुमचं गिअर नावेच्या आडव्या पट्टीत अडकलेलं, हे मी बघितलंय. चेन पुली सावकाश येते, आपल्याला सावकाशच पाहिजे.

उघडताना

आधी बाहेरून धुवा. डिझेल आणि ब्रश, मग पाणी, मग उन्हात वाळवा. हे कंटाळवाणं काम जो टाळतो त्याच्या इंजिनात काळी माती जाते आणि नवीन बेअरिंग महिन्यात खरवडतं.

हेडचे नट एकदम एक एक काढायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जायचं. हेड उचललं की लायनरच्या वरच्या कडेला कार्बनचं कडं दिसेल, ते खरवडून काढल्याशिवाय पिस्टन वर ढकलू नका, रिंग अडकून तुटते. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी यांवर एकाच अंगाला आकडे असतात, नसतील तर पंचनं मारा, कारण टोपी उलटी बसली तर क्रँक फिरतच नाही, आणि फिरला तर त्याहून वाईट. बेअरिंगचे अर्धगोल शेल ज्या जागेचे त्या जागेच्या नावानं बांधून ठेवा, टाकायचे असले तरी, त्यांच्यावर कुठं घासलंय त्यावरून पुष्कळ कळतं.

लायनर काढल्यावर त्याची बाहेरची बाजू बघा, पाण्याकडची. मामांच्या इंजिनात तिथं बोटाच्या पेराएवढा गाळ होता, खाली मऊ काळा आणि लायनरला चिकटलेला थर चुन्यासारखा टणक, आणि पाणी यायचं भोक पेन्सिल जाईल एवढंच उरलेलं. मामा वर्षभर म्हणत होते इंजिन गरम होतंय, आणि सगळे त्यांना ऑइल बदला म्हणून सांगत होते. समुद्रावरच्या लोकांना खाऱ्या पाण्याचं गंजणं असतं, आपल्याला गाळाचं बुजणं. ब्लॉकच्या आतली वाट तार आणि प्रेशरच्या पाण्यानं पार मोकळी करा, आणि पाणी घेणाऱ्या तोंडाला जाळी नसेल तर या निमित्तानं लावा.

मापं

मापं घ्यायला मी बेळगावला उद्यमबागेतल्या लेथवाल्यांकडं जातो, काही जण कोल्हापूरच्या उद्यमनगरला जातात, जे जवळ पडेल ते. आपल्या पट्ट्यात लेथ आणि ग्राइंडिंगची कमी नाही, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 ला सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच, किर्लोस्करवाडी नंतरची, 1910 ची. असो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी काउंटरवर क्रँक ठेवला आणि म्हटलं, ग्राइंड करून द्या. लेथवाले अण्णा क्रँककडं न बघता म्हणाले, तडी री, मोदल अळती नोडोण. थांबा, आधी माप बघू. मायक्रोमीटर लावला, एकाच जागी दोन दिशांनी, फिरवून परत. क्रँक अजून गोल होता. ग्राइंडिंगचे पैसे वाचले, नुसतं पॉलिश करून नवीन स्टँडर्ड शेल घातले. तर सांगायचं काय, माप घेतल्याशिवाय कुणाला काही करा म्हणायचं नाही. लायनर वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजतात. सगळ्यात जास्त झीज वरची रिंग जिथून परत फिरते तिथं असते. क्रँक ग्राइंड करावाच लागला तर 0.25 मिमी खालच्या मापाला जातो आणि त्या मापाचे शेल मिळतात, पण कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेवा म्हणून बजावून सांगा, कोपरा काटकोनात कापला तर क्रँक तिथूनच तडकतो.

बांधताना

लायनर आधी रबराशिवाय घालून बघा, हातानं बसला पाहिजे आणि कडा ब्लॉकच्या वर केसभर उभी राहिली पाहिजे, किती ते तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात असतं. मग नवीन रबर, साबणाच्या पाण्यानं, ग्रीस नको. लायनर बसल्यावर पिस्टन घालायची घाई करू नका. ब्लॉकमध्ये पाणी भरा, खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा आणि झोपायला जा. सकाळी कागद कोरडा असेल तर पुढं. फुकटातली टेस्ट आहे आणि हिच्यामुळं मी दोनदा वाचलोय.

रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी एक एक करून लायनरमध्ये घाला, उलट्या पिस्टननं ढकलून सरळ करा आणि तोंडाची फट फिलर गेजनं बघा. मोटा हिशोब, बोरच्या, म्हणजे लायनरच्या आतल्या व्यासाच्या, दर इंचाला 4 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आमचं इंजिन 87.5 मिमी बोर 110 मिमी स्ट्रोकचं, 661 सीसी, म्हणजे साडेतीन इंचाला थोडं कमी, फट 14 थाऊच्या आसपास, 0.35 मिमी धरा. फटच नसेल तर गरम झाल्यावर रिंगेची तोंडं भिडतात आणि ती लायनर खरवडते. ठसा असलेली बाजू वर, आणि सगळ्या रिंगांची तोंडं वेगवेगळ्या दिशेला.

प्रत्येक बेअरिंग आवळलं की क्रँक हातानं फिरवून बघायचा. फिरतोय, मग पुढचं. सगळं आवळून शेवटी फिरवलं आणि जाम निघालं तर कुठलं जाम ते कळायला सगळं परत सोडावं लागतं. टॉर्क पान्हा नसेल तर भाड्यानं आणा, अंदाजानं आवळायची ही जागा नाही.

पिस्टन आणि हेडमधली फट बघायला शिशाच्या तारेचे दोन तुकडे पिस्टनच्या डोक्यावर ग्रीसनं चिकटवा, व्हॉल्वच्या जागा सोडून, हेड गॅस्केटसकट आवळा, फ्लायव्हील हातानं एकदा फिरवा, हेड काढा आणि चपटी झालेली तार मोजा. पुस्तकातल्या मापापेक्षा कमी भरली तर जास्त जाडीचं पॅकिंग लागेल. व्हॉल्व घासून सगळीकडं सारखी करडी पट्टी उमटली पाहिजे, मग डिझेल ओतून बघा गळतंय का. टॅपेटची फट थंड इंजिनावर, इंजिनाच्या प्लेटवर दिलेल्या मापाला.

टायमिंगला, म्हणजे डिझेल कधी सुटतंय ते जुळवायला, माणसं उगाच घाबरतात. आमच्या 1500 आरपीएमच्या इंजिनाला पिस्टन वर यायच्या 23 डिग्री आधी डिझेल सुटायला पाहिजे, तुमचं वेगळं असेल तर प्लेट बघा. फ्लायव्हीलवरची खूण पुसली असेल तर फ्लायव्हीलच्या घेराला सुतळी गुंडाळून मोजा. समजा 1440 मिमी भरलं, 360 नं भागलं की एका डिग्रीला 4 मिमी, म्हणजे 23 डिग्रीला 92 मिमी, तेवढ्यावर वरच्या टोकाच्या खुणेआधी खडूनं रेघ मारा. नोझलकडं जाणारा पाइप डिझेल पंपावरून सोडा, पंप फुल डिझेलवर ठेवा, फ्लायव्हील चालायच्या दिशेनं सावकाश फिरवा आणि पंपाच्या तोंडातलं डिझेल कुठं हलायला लागतंय ते बघा. रेघेच्या नंतर हललं तर पंपाखालची एक पत्ती कमी करा, आधी हललं तर एक वाढवा.

नावेत घालायच्या आधी इंजिन लाकडी फ्रेमवर बांधून पाण्याच्या बॅरलवर चालवा. कॉम्प्रेशन सोडणारा डिकॉम्प लिव्हर वर करून रॉकरला ऑइल पोचेपर्यंत नुसतं फिरवायचं, पाइपमधली सगळी एअर काढायची, मग स्टार्ट. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, पलीकडून वेटाळून नाही, इंजिन उलटं मारलं तर अंगठा जातो.

परत बसवताना

देवळीतले चार जुडगे आणा आणि जिथल्या तिथं घाला. नाव काठावर असताना नुसतं ढोबळ जुळवायचं. खरं जुळवणं नाव पाण्यात सोडल्यावर, टाकी भरून, एक रात्र तशीच ठेवून, कारण ओंडक्यांवर नावेचा पत्रा वेगळा बसतो आणि पाण्यावर वेगळा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन्ही फ्लँज एकमेकाला टेकवायचे, बोल्ट न घालता. आधी उंचीला आणि आडवं, सरळ पट्टी ठेवून बघायचं. मग वर, खाली, डावीकडं, उजवीकडं अशी चार ठिकाणी फिलर गेजनं फाट मोजायची. फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला 1 थाऊपेक्षा जास्त फरक नको, 4 इंची फ्लँजला 4 थाऊ, म्हणजे 0.10 मिमी. वरची फाट जास्त असेल तर इंजिन खालच्या अंगानं भिडतंय, म्हणजे पुढचे पाय वर घ्यायचे किंवा मागचे खाली. एक पत्ती बदलली की चारी मापं पहिल्यापासून. मग शाफ्ट अर्धा फेरा फिरवून परत मोजा, मापं शाफ्टबरोबर फिरली तर दोष पत्त्यांचा नाही, फ्लँज किंवा शाफ्टच वाकलाय. आम्हाला सकाळी आठपासून दुपारी दोन वाजले आणि मामा तीनदा म्हणाले आता बास की रे. बोल्ट हातानं, हातोडी न लावता आरपार गेले तेव्हा थांबलो.

पहिले 20-25 तास अर्ध्या ते पाऊण लोडवर चालवा, पण नुसतं काठाला बांधून स्लोवर ढकढकत ठेवू नका, रिंगा लायनरला बसत नाहीत आणि मग ऑइल पीत राहतं. त्यानंतर ऑइल बदला, इंजिन थंड असताना हेडचे नट आणि टॅपेट परत बघा.

राहिला ग्लँड. ग्लँड दोरी एकच लांब गुंडाळू नका, शाफ्टच्या मापाच्या कड्या तिरक्या कापून एक एक घाला, सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. नट बोटानं आवळा, मग नाव चालवत थोडे थोडे. चालताना मिनिटाला काही थेंब पडायलाच पाहिजेत, त्या पाण्यानंच दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. थेंब बघवत नाहीत म्हणून कोरडं होईपर्यंत आवळणारे आमच्यात बरेच आहेत, त्यांचा शाफ्ट काढून बघितला तर ग्लँडाच्या जागी नखानं लागेल एवढी खाच पडलेली असते. हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसला तर अर्धा फेरा सैल करा.